करुणरसातला आनंद कोणाचा?

दुःखाचं नाटक बघताना डोळ्यांत पाणी येतं, तरी आपण पुन्हा तिकीट काढतो. कलाकृतीतल्या भावनांचा रसिक जो आस्वाद घेतो, तो म्हणजे रस. या रससिद्धान्तावरचे बहुतेक आक्षेप या एका गोष्टीभोवती फिरत आले आहेत.

भरतमुनीने ‘नाट्यशास्त्रा’त आठ रस सांगितले, शांत हा नववा मागाहून आला. भावांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, हे त्याचं सूत्र. पण ‘निष्पत्ती’ म्हणजे काय, यावरच लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त हे नंतरचे काव्यशास्त्रकार एकमेकांना खोडून काढत गेले. भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ मांडलं: रंगमंचावरचं दुःख ना माझं राहतं ना तुझं, म्हणून ते आस्वादता येतं. अभिनवगुप्ताने रस आनंदरूप ठरवला आणि तेच मत पुढे रूढ झालं. बाराव्या शतकात गुजरातेत रामचंद्र-गुणचंद्रांनी मात्र ‘नाट्यदर्पणा’त रस सुखदुःखात्मक असतो, असं स्पष्ट सांगितलं. हा आक्षेप अडगळीत पडला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

मराठीत के. ना. वाटव्यांनी 1942 साली ‘रसविमर्शा’त रसांची आधुनिक मानसशास्त्राशी सांगड घातली. बा. सी. मर्ढेकरांनी वाटच बदलली. सौंदर्य भावनेत शोधू नका, रचनेत शोधा, असं ते म्हणाले आणि संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियम त्यांनी मांडले. त्यांचीच पिपातल्या ओल्या उंदरांची कविता घ्या. किळस येते म्हणून बीभत्स म्हणावं, तर घशाशी दाटून येतं ते कशामुळे?

खरा हादरा दलित साहित्याने दिला. 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती, आणि त्यांनाही त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. सहृदय रसिकाला भाषाच उमगत नसेल, तर साधारणीकरण व्हायचं कसं? शिवाय इथलं दुःख कुणाचंच नसलेलं नाही. त्याला जात आहे, वस्ती आहे, पत्ता आहे.

शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिताना आनंदाचा निकषच नाकारला. वेदनेतून आणि नकारातून आलेलं लेखन वाचकाला किती सुखावतं, हे मोजायचंच कशाला, असा त्यांचा रोख आहे. त्याऐवजी त्यांनी स्वातंत्र्य, समता, न्याय आणि बंधुता ही मूल्यं पुढे ठेवली.