अंगावरून जातं म्हणून आतून धुऊ नका

'अंगावरून पांढरं जातं म्हणजे स्वच्छता कमी पडते, साबणाने आतून धुवावं' हा सल्ला अजूनही फिरतो. हा त्रास फक्त खेड्यातल्या बायकांना होतो, अशी पुस्तीही जोडली जाते. दोन्ही चूक.

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच (आम्लता मोजण्याचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि रोगजंतूंना वाढायला वाव मिळत नाही. साबण, जंतुनाशक किंवा सुगंधी वॉश आत गेला की हेच जिवाणू कमी होतात आणि संसर्गाची शक्यता उलट वाढते. शहरातली महागडी बाटलीही याला अपवाद नाही.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव नैसर्गिकच आहे. मात्र उग्र वास, खाज, दह्यासारखा स्राव किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवा. बुरशी, जिवाणू, ट्रायकोमोनास (लैंगिक संबंधातून पसरणारा सूक्ष्म परजीवी) यांच्या संसर्गाची औषधं वेगळी असतात. ट्रायकोमोनास असेल तर जोडीदारालाही उपचार लागतात. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून होणारा जिवाणूसंसर्ग तर अनेकदा लक्षणांशिवाय गर्भनलिकांपर्यंत पोहोचतो आणि वंध्यत्व आणू शकतो. म्हणून कृपया लाजून दुखणं अंगावर काढू नका.