जुन्या एसयूव्हीला जड ट्रेलर जोडण्याआधी

"इंजिन अजून दणकट आहे, ओढेल ना?" ट्रेलर लावायचं ठरवून आलेले बहुतेक ग्राहक आम्हाला हेच विचारतात. ओढेल हो. प्रश्न असतो तो ओढताना तयार होणारी उष्णता गाडीला सोसेल का, आणि उतारावर तेवढं वजन थांबेल का. पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत इंजिनाआधी थकतात ते गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर सुरुवात गिअरबॉक्स ऑइलपासून. काडीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. लालसर आणि स्वच्छ पसरला तर ठीक. काळपट दिसला, जळका वास आला, तर ट्रेलरचा विषय तूर्त बाजूला. चढावर गिअर सारखा वर-खाली होत असेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद ठेवा. गिअरच्या त्या वर-खाली चाळ्यानेच ऑइल तापतं. नेहमी ओढायचं असेल तर वेगळा ऑइल कूलर बसवून घ्या. आमच्या मते जुन्या गाडीवर केलेला हा सगळ्यात शहाणा खर्च.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ते उकळलं की पेडल मऊ पडून थेट तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. वेग ४० वरून ८० झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

आता वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचच्या (गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या) बॉलवर यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलतो, जास्त झाला तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग पोकळ लागतं. हा भार गाडीच्या स्वतःच्या वजनमर्यादेत धरला जातो, आणि इथेच हिशेब चुकतो. समजा गाडीची माणसं-सामान वाहायची क्षमता ५०० किलो. बॉलवर २००, सत्तर किलोची चार माणसं म्हणजे २८०. सामानाला उरले २० किलो! गाडी, हिच आणि बॉल यांच्यावर वेगवेगळे आकडे असतील तर सगळ्यात लहान आकडा खरा. चासीला हिचच्या बोल्टभोवती गंज असेल तर कुठलाच आकडा खरा नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूच्या तारीख-कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर बहुधा झिजण्याआधी उभ्या उभ्याच तडकतात.

वाटेत ट्रेलर डोलू लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून सावरायला जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचला. ट्रेलरला स्वतंत्र हाताचा ब्रेक कंट्रोल असेल तर तो हलकेच लावा.

तपासणीला येताना ट्रेलर रिकामा आणू नका, नेहमीच्या सामानानिशी आणा. पाण्याची टाकी असेल तर तीही भरून. एक लिटर म्हणजे एक किलो. बॉलवरचा भार तुमच्यासमोरच मोजून देऊ.