गुलाबतेल : फुलांची तोडणी आणि साठवण

दमास्क गुलाबाच्या (रोझा डॅमॅसीना) ताज्या फुलांचे पाण्यासह ऊर्ध्वपातन करून गुलाबतेल मिळवतात. एक किलो तेलाला साधारण 3,000 ते 4,000 किलो फुले लागतात. उतारा इतका तुटपुंजा असल्याने फूल कोणत्या घटकेला खुडले आणि भट्टीत पडेपर्यंत ते कुठे व किती वेळ थांबले, याला फार महत्त्व आहे. बल्गेरियातील कझानलाकचे गुलाबखोरे आणि तुर्कस्तानातील इस्पार्ता ही या तेलाची प्रमुख केंद्रे होत.

पुदिना, तुळस यांच्या पानांवर तेल साठवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात, म्हणून ती पाने वाळवूनही त्यांचे तेल काढता येते. गुलाबाच्या पाकळीत अशी साठवणीची सोय नाही. सुगंधी द्रव्ये पाकळीच्या बाह्यत्वचेतील पेशींत तयार होतात आणि फूल उमलताच हवेत उडू लागतात. फुलाला ऊन लागले की हा व्यय वाढतो.

कझानलाकला हंगाम मे महिन्यात सुरू होतो आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम तीन-चार आठवडे चालतो. हे झुडूप वर्षातून एकदाच बहरते. तोडणी पहाटे, दव असतानाच सुरू होते आणि नऊ-दहाच्या सुमारास थांबते. उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंत उतारा निम्म्यावर येऊ शकतो. आभाळ भरलेले आणि हवा गार असेल, तर तोडणी जरा लांबली तरी चालते. म्हणून घड्याळापेक्षा उन्हाकडे पाहून काम थांबवणे अधिक शहाणपणाचे. अर्धवट उमललेले, पिवळे केसर नुकतेच दिसू लागलेले फूल सर्वांत चांगले. घट्ट कळीत तेल कमी असते आणि केसर तपकिरी पडलेल्या फुलातले बरेचसे उडून गेलेले असते. एकाच झुडपावरची फुले रोज थोडी थोडी उमलत असल्याने त्याच ओळीतून रोज सकाळी फिरावे लागते.

खुडलेल्या फुलाचे श्वसन सुरूच राहते. पोत्यात दाबून भरलेली किंवा ढीग घातलेली फुले आतून तापतात, काळवंडतात आणि आंबू लागतात. तेलाचा उतारा तर घटतोच, शिवाय त्याची घडणही बदलते. ताज्या फुलांच्या तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल ही दोन अल्कोहोले मुख्य असतात. फुले आंबत जातात तसे जिरॅनिऑलचे प्रमाण कमी होते आणि सिट्रोनेलॉलचे वाढते. यीस्ट जिरॅनिऑलचे रूपांतर सिट्रोनेलॉलमध्ये करू शकते, हे त्याचे एक कारण. त्यामुळे सिट्रोनेलॉल जास्त दिसले म्हणून तेल उत्तम ठरवणे चुकीचे आहे. या दोन घटकांचे परस्पर प्रमाण पाहिले, तर फुले किती शिळी होती याचा अंदाज येतो. शिळ्या फुलांच्या तेलात मिथाइल युजेनॉलही वाढते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे द्रव्य कर्कजनक आढळले असून युरोपात सौंदर्यप्रसाधनांतील त्याच्या प्रमाणावर मर्यादा आहे. त्यामुळे फुलांची हयगय थेट तेलाच्या विक्रीत आड येते.

बहराच्या ऐन दिवसांत भट्ट्यांच्या क्षमतेपेक्षा जास्त फुले येतात आणि काही फुले थांबवून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशी फुले सावलीत, हवेशीर जागी, फरशीवर पातळ थरात पसरून अधूनमधून हलवतात. शीतगृहात ठेवल्यास बिघाड मंदावतो, पण थांबत नाही. फुले पाण्यात बुडवून ठेवली तर ती तापत नाहीत. मात्र पाण्यात सहज विरघळणारे फेनिल-एथिल अल्कोहोल हे सुगंधी द्रव्य पाकळ्यांतून निघून जाते. म्हणून ते पाणी फेकू नये, फुलांबरोबर भट्टीतच घालावे.

उत्तर प्रदेशात कनौजच्या अत्तरव्यवसायाला फुले पुरवणाऱ्या हसायनच्या पट्ट्यात यावर वेगळी तोड आहे. तिथे देग (फुले उकळण्याचे तांब्याचे भांडे) आणि भपका (वाफ थंड होऊन जमा होण्याचे भांडे) यांच्या भट्ट्या शेतांजवळच लावतात आणि सकाळी तोडलेली फुले त्याच दिवशी देगेत घालतात.