डिलीटची कळ एक, वागणूक दोन

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये एखादे फोल्डर निवडून डिलीट दाबले की कधी ते काहीही न विचारता नाहीसे होते, तर कधी खात्री करून घेणारी चौकट समोर उभी राहते. कळ तीच असल्यामुळे संगणक लहरीपणाने वागतो असे वाटते; प्रत्यक्षात त्या कळीमागे दोन निरनिराळ्या क्रिया आहेत.

‘डॉक्युमेंट्स’मधले ‘पावत्या’ नावाचे फोल्डर काढले, तर ते पुसले जात नाही. त्याच ड्राइव्हवरील एका लपवलेल्या फोल्डरात, म्हणजेच रिसायकल बिनमध्ये, त्याची रवानगी होते, त्याला ‘$आर’ने सुरू होणारे नवे नाव मिळते आणि मूळ ठिकाण व काढल्याची वेळ ‘$आय’ने सुरू होणाऱ्या छोट्या फाइलीत नोंदली जाते. ही नोंद असते म्हणूनच रिसायकल बिनमधून रिस्टोअर केल्यावर फोल्डर नेमके जुन्या जागी परत येते. चूक अशी सुधारता येत असल्याने विंडोज ८ पासून ही विचारणा मुळातच बंद ठेवलेली असते.

तेच ‘पावत्या’ पेन ड्राइव्हवर असेल, तर मात्र चौकट येते. पेन ड्राइव्हला विंडोज रिसायकल बिन देत नाही. नेटवर्कवरील सामायिक फोल्डरांनाही सहसा हाच नियम लागू होतो, आणि शिफ्ट धरून डिलीट दाबले तर सी ड्राइव्हवरही बिन वगळले जाते. म्हणजे शांतता असते तिथे परतीची वाट असते आणि प्रश्न विचारला जातो तिथे ती नसते. माझ्या मते खरा घोटाळा पुढे होतो. काळजी म्हणून बिनच्या प्रॉपर्टीजमध्ये विचारणा सुरू करून घेणाऱ्याला दोन्ही प्रसंगी जवळपास सारखीच चौकट दिसते. एकीत ‘रिसायकल बिन’ हे शब्द असतात, दुसरीत ‘परमनंटली’. दिवसातून वीस वेळा पहिलीला एंटर मारून सरावलेला हात दुसरीलाही तितक्याच सहजतेने एंटर मारतो, आणि मग केलेली क्रिया उलटवणारे कंट्रोल-झेड दाबूनही काहीच परत येत नाही. ही सोय मी स्वतः म्हणूनच बंद ठेवतो: क्वचित दिसणारी चौकट निदान वाचली तरी जाते.

बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क या बाबतीत फसवी आहे. ती पेन ड्राइव्हच्याच यूएसबी खाचेत बसते, पण विंडोज तिला सहसा स्थिर डिस्क मानते आणि तिच्यावर स्वतंत्र बिन ठेवते. त्यामुळे तिच्यावरचे लग्नाच्या व्हिडिओंचे फोल्डर विनाप्रश्न जाते आणि जागा मात्र तसूभरही मोकळी होत नाही. ती हवी असेल, तर डिस्क जोडलेली असतानाच बिन रिकामे करावे लागते.