हार्डवुडचा लगदा व लिग्निन काढणे

निलगिरी, अकेशिया, सुबाभूळ, सुरू यांच्या लाकडाला कागद कारखान्यांत हार्डवुड म्हणतात. सुरूची पाने सुईसारखी दिसली तरी तोही यातच मोडतो. खानापूर-हल्याळ पट्ट्यात निलगिरी व अकेशियाची लागवड आहे. जवळच काळी नदीकाठी दांडेलीला १९५५ साली स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सचा कारखाना आहे.

या लाकडात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ, असते. सूचिपर्णी लाकडापेक्षा ते लवकर सुटते, कारण त्यात सल्फाइडने तुटणारे ईथर बंध जास्त असतात. तंतू मात्र आखूड, सुमारे १ मिमी. जास्त शिजले की ताकद आणि उतारा (लाकडातून मिळणारा लगदा) दोन्ही घटतात.

क्राफ्ट पद्धतीत कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावात चिप्स (लाकडाचे छोटे तुकडे) १६० ते १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. अल्कली कोरड्या लाकडाच्या १६-१८ टक्के (सोडियम ऑक्साइड धरून), सल्फिडिटी (अल्कलीतला सल्फाइडचा वाटा) २०-२५ टक्के आणि लाकडाच्या तीन-चार पट द्राव, असे सर्वसाधारण प्रमाण. लगद्याचा कप्पा, म्हणजे उरलेल्या लिग्निनचा मापांक, १६ ते २० ठेवतात. कप्पाचा एक अंक म्हणजे अंदाजे ०.१५ टक्के लिग्निन.

चाळणीवर कच्चे तुकडे वाढले की तापमान चढवण्याचा मोह होतो. तो उपाय बहुधा चुकीचा. १६० वरून १७० अंशांवर गेल्यास लिग्निन सुटण्याचा वेग दुपटीहून वाढतो आणि नीट शिजलेला मालही होरपळतो. आधी कच्चा तुकडा फोडून पाहावा. बाहेर तपकिरी, आत पांढरे लाकूड दिसले तर द्राव आत पोहोचलेलाच नाही. चिप ८ मिमीपेक्षा जाड असेल, किंवा वाफ कमी दिल्याने आतली हवा निघालेली नसेल. उन्हाळ्यात वाळलेल्या लाकडात हे हटकून होते. भुसा व बारीक चुरा उलट अल्कली खातो, जाळ्या तुंबवतो. घट्ट सुरू आणि हलके सुबाभूळ एकत्र शिजवायचे तर मिश्रणाचे प्रमाण रोज तेच हवे. साल काढलेली असावी, हे वेगळे सांगायला नको.

शिजवणे संपताना द्रावातली अल्कली पार संपू देऊ नये. संपली तर सुटलेले लिग्निन पुन्हा तंतूंवर बसते आणि ब्लीचिंगला दाद देत नाही.

उरलेले लिग्निन डायजेस्टरमध्येच (शिजवण्याच्या भांड्यातच) काढत बसण्यापेक्षा नंतरच्या ऑक्सिजन टप्प्यावर सोडलेले बरे: १०० अंशांच्या आसपास, दाबाखाली कप्पा फार तर ४० टक्क्यांनी उतरतो. हार्डवुडच्या कप्प्यातला काही भाग लिग्निनचा नसून झायलनपासून (लाकडातल्या एका शर्करायुक्त घटकापासून) बनलेल्या हेक्सेन्युरॉनिक आम्लाचा असतो. ऑक्सिजन त्याला फारसा हात लावत नाही. त्यासाठी सामू ३ ते ३.५ ठेवून ९० अंशांवर सुमारे दोन तासांचा आम्ल टप्पा देतात, त्याने ब्लीचिंगचा क्लोरीन डायऑक्साइड वाचतो. मात्र धुलाई कच्ची राहिली तर ही बचत लगद्यासोबत आलेला काळा द्रावच (शिजवून उरलेला द्राव) खाऊन टाकतो.