कोड तोच, कंपायलर नवा: जुनं सॉफ्टवेअर बिल्ड का होत नाही?

दहा-बारा वर्षं जुनं एखादं ओपन सोर्स टूल हवं असतं, आपल्या लिनक्सच्या रेपोत (तयार पॅकेजच्या साठ्यात) ते सापडत नाही, मग सोर्सची टारबॉल (एकत्र बांधलेली फाईल) उतरवायची आणि कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, तीन कमांड मारल्या की झालं असं रीडमी फाईल सांगते. आणि मेक मध्येच आपटतं. हाच कोड 2015 मध्ये याच तीन कमांडनी मुकाट बिल्ड होत होता, त्यात एक अक्षरसुद्धा बदललेलं नाही. बदललाय तो कंपायलर, म्हणजे सोर्सचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यातही त्याचे डिफॉल्ट, म्हणजे काही सांगितलं नाही तर तो स्वतःच धरतो त्या गोष्टी.

टपरीवर ‘नेहमीचा द्या’ म्हटलं की नेहमीचा म्हणजे कसा हे टपरीवाला ठरवतो, आणि टपरी दुसऱ्याने चालवायला घेतली की त्याच दोन शब्दांत बिनसाखरेचा चहा हातात येतो. जुन्या प्रोजेक्टच्या मेकफाईल, म्हणजे बिल्ड कसं करायचं याच्या सूचनांच्या फाईली, जीसीसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या कंपायलरला असंच सांगत असतात. सी भाषेची कुठली आवृत्ती धरायची, कुठली चूक माफ करायची, यातलं बरंचसं त्यात लिहिलेलंच नसतं, सगळं ‘नेहमीप्रमाणे’.

आणि हे ‘नेहमीप्रमाणे’ गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी सरकलंय. मे 2020 मधल्या जीसीसी 10 ने एकाच नावाचं ग्लोबल व्हेरिएबल (अख्ख्या प्रोग्रॅमला दिसणारं) दोन फाईलींत आलं तर गुपचूप एकत्र करणं बंद केलं. मे 2024 मधल्या जीसीसी 14 ने सीमधल्या काही जुन्या वॉर्निंगना थेट एरर करून टाकलं, आणि एप्रिल 2025 च्या जीसीसी 15 ने डिफॉल्ट भाषाच सी23, म्हणजे सीचं नवं मानक, केली. क्लँग नावाचा दुसरा मोठा कंपायलर आहे, त्यानेही 2023 च्या 16 व्या आवृत्तीत साधारण हीच वाट धरली, त्यामुळे कंपायलर बदलून पळवाट निघेल असं फारसं नाही.

यातला जीसीसी 14 चा बदल सगळ्यात जास्त लोकांना चावतो. एखादं फंक्शन वापरलं पण ते काय घेतं आणि काय परत देतं हे आधी जाहीर केलंच नाही, तर जुना कंपायलर म्हणायचा ठीक आहे, ते एक पूर्णांक देत असेल असं मी धरून चालतो. ही सवलत सी99 मानकाने 1999 मध्येच काढली होती, पण जुना कोड मोडू नये म्हणून जीसीसी पुढची जवळपास पंचवीस वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिला (आणि वॉर्निंग कोण वाचतंय!). आता यात खरंच काय बिघडतं ते बघा. नेहमीच्या 64 बिट लिनक्सवर पूर्णांक 32 बिटचा, आणि मेमरीतला पत्ता म्हणजे पॉइंटर 64 बिटचा. ‘स्ट्रकेसस्ट्र’ नावाचं फंक्शन आहे, मोठी-लहान अक्षरं न बघता मजकुरात शब्द शोधतं आणि तो जिथे सापडला तिथला पत्ता परत देतं. हे फंक्शन स्ट्रिंगच्या हेडरमध्ये, म्हणजे फंक्शनं जाहीर करणाऱ्या फाईलमध्ये, असतं खरं पण ‘जीएनयू सोर्स’ हा मॅक्रो आधी डिफाईन केलेला नसेल तर दिसत नाही. मग कंपायलर धरून चालतो की पूर्णांक येतोय, पत्त्याचे वरचे 32 बिट गळतात, आणि प्रोग्रॅम भलत्याच जागी जाऊन सेगमेंटेशन फॉल्ट खातो, म्हणजे तिथेच बंद पडतो.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? तर पूर्वी प्रोग्रॅम मेमरीत ठरलेल्या, खालच्या पत्त्यावर लोड व्हायचे, त्यांची हीपसुद्धा (चालताना मागून घेतलेली मेमरी) तिथेच जवळपास असायची, म्हणजे तिथल्या पत्त्यांचे वरचे 32 बिट शून्यच आणि शून्य गळून गेलं तर कोणाला कळणार. पुढे सुरक्षेसाठी डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी, पीआयई (कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणारा प्रोग्रॅम) हा प्रकार डिफॉल्ट केला, उबुंटूने 16.10 मध्ये, डेबियनने 9 मध्ये. त्यामुळे प्रोग्रॅम कुठल्याही उंच पत्त्यावर जाऊन बसायला लागले आणि झाकलेली चूक उघडी पडली. म्हणून मला तरी वाटतं जीसीसी 14 ची कटकट योग्यच आहे, रात्री दोन वाजता प्रोग्रॅम पडण्यापेक्षा बिल्ड पडलेलं परवडलं.

पण याचा एक छुपा त्रास आहे आणि तो जास्त डोकं खातो. कॉन्फिगर स्क्रिप्ट तुमच्या सिस्टीमवर काय आहे काय नाही हे ओळखते कशी, तर छोटे छोटे सी प्रोग्रॅम लिहून ते कंपाईल करून बघते, झाला तर ‘येस’ नाही झाला तर ‘नो’. जुन्या स्क्रिप्टांमधले हे चाचणी प्रोग्रॅम स्वतःच गचाळ असतात, मेनच्या आधी इंट नाही, एक्झिट वापरलंय पण हेडर नाही. जीसीसी 14 ते नाकारतो आणि स्क्रिप्टला वाटतं फीचरच नाही! एरर कुठेच दिसत नाही, बिल्ड छान पूर्ण होतं, फक्त तयार झालेल्या टूलमधून एखादी सोय गायब. त्यामुळे कॉन्फिगरचं आउटपुट वरून खाली नीट बघायचं, लायब्ररी इन्स्टॉल असूनही ‘नो’ दिसलं तर ‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडायची, त्यात फसलेला प्रोग्रॅम आणि कंपायलरची पूर्ण तक्रार दोन्ही असतं. बऱ्याचदा ‘ऑटोरीकॉन्फ’ चालवून स्क्रिप्ट नव्याने तयार केली की प्रश्न मिटतो, चाचणी हाताने लिहिलेली असेल तर मात्र नाही.

जीसीसी 10 वाल्या बदलाचं प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे लिनक्सचं जुनं कर्नल. त्यातल्या डिव्हाइस ट्री कंपायलरमध्ये ‘वायवायलॉक’ हे व्हेरिएबल दोन ठिकाणी होतं, नव्या जीसीसीवर लिंकर (कंपाईल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून थांबतो, आणि उपाय एका ओळीचा, एक जागा सोडून दुसरीकडे एक्सटर्न, म्हणजे ‘हे दुसऱ्या फाईलीत आहे’. आणि जीसीसी 15 वर ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे भाषेचेच शब्द झालेत, त्यामुळे ज्यांनी स्वतःचा बूल टाईपडेफ केला होता (त्या नावाचा प्रकार स्वतःच बनवला होता) ते अडकतात, शिवाय फंक्शनच्या नावापुढचा रिकामा कंस म्हणजे आता ‘आर्ग्युमेंट काहीही चालतील’ असं नसून ‘एकही नाही’.

तात्पुरती सुटका हवी असेल तर प्रत्येकाला फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) आहे. सी23 च्या भानगडीला ‘एसटीडी’ फ्लॅगमध्ये जीएनयू17, डबल व्हेरिएबलला ‘एफ-कॉमन’, आणि जीसीसी 14 च्या एररना परत वॉर्निंग करायला ‘एफ-पर्मिसिव्ह’. पहिले दोन बिनधास्त वापरा. तिसरा वापरलात तर ते वर सांगितलेलं 32 बिटचं भूत परत घरात घेतलंत हे लक्षात असू द्या.

फ्लॅग द्यायचे कुठे यातही लोक फसतात. सीफ्लॅग्ज हे कंपायलरचे फ्लॅग ठेवणारं व्हेरिएबल कॉन्फिगर चालवतानाच द्यायचं, आणि ते दिलं की कॉन्फिगरचे स्वतःचे डिफॉल्ट, म्हणजे डीबग माहितीचा ‘जी’ आणि ऑप्टिमायझेशनचा ‘ओ2’, निघून जातात, म्हणून तेही आपणच परत लिहायचे. हाताने लिहिलेली मेकफाईल असेल आणि मेकच्या कमांडवर सीफ्लॅग्ज दिलं तर मेकफाईलमधलं सीफ्लॅग्ज पुसलं जातं, त्यात हेडर कुठे आहेत ते लिहिलेलं असेल तर आता हेडरच सापडत नाहीत आणि मूळ रोगापेक्षा औषध जड. फ्लॅग बदलल्यावर ‘मेक क्लीन’ करा, नाहीतर आधी कंपाईल झालेल्या जुन्या ऑब्जेक्ट फाईली तशाच राहतात.

आणि एरर वाचायची म्हणजे पहिली वाचायची. शेवटची ‘एरर 2’ वाली ओळ फक्त मेकने हात टेकल्याची बातमी असते. आठ कोअर लावून बिल्ड केलं की बाकीची कामं छापत राहतात आणि खरी एरर दोन-तीनशे ओळी वर गाडली जाते, म्हणून एकदा ‘जे’ (एका वेळी किती कामं ते सांगणारा फ्लॅग) न देता साधं मेक चालवा. ऑटोमेकवाल्या (मेकफाईल आपोआप बनवणारं टूल वापरणाऱ्या) बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ‘व्ही=1’ दिलं की कंपायलरला नेमके कुठले फ्लॅग गेले तेही अख्खं दिसतं.

एवढं करूनही स्वतः कोडमध्ये शिरण्याआधी डेबियन किंवा फेडोराच्या त्याच पॅकेजची पॅच फाईल (कोडमधल्या दुरुस्त्यांची फाईल) शोधा. फेडोरा 40 जीसीसी 14 घेऊनच येणार होतं, त्यामुळे त्यांच्या लोकांनी ढिगाने पॅकेज आधीच दुरुस्त करून ठेवली होती, आणि त्यातले कितीतरी पॅच म्हणजे राहून गेलेली एक इन्क्लूडची (हेडर जोडणारी) ओळ.