डेव्हलपरला थेट फोन लावायच्या आधी हे वाचा

आमच्याकडं ॲप किंवा बिलिंग सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या बहुतेकांना कोडिंगमधलं काही कळत नाही, आणि कळायची गरजपण नाही. तुम्हाला तुमचा धंदा कळतो, तेवढं पुरे. पण काम सुरू झालं की तेच प्रश्न येतात आणि तोच एक घोळ होतो, म्हणून एकदाच लिहून देतोय. जुन्या ग्राहकांनीपण वाचावं, खरं तर त्यांनीच जास्त.

घोळ असा, की काम करणाऱ्या पोराचा नाहीतर पोरीचा नंबर कुठून तरी मिळतो आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट जाते, "एवढं छोटं जरा बदलून दे की". ज्यांचं दुकान सोमवारी बंद असतं त्यांचे निरोप सोमवारी सकाळी जास्त, निवांत बसलं की सुचतं माणसाला, त्यात वावगं काही नाही. पण पोरगं नवीन असतं, शेठनी स्वतः सांगितलंय म्हणून हातातलं टाकून ते करायला बसतं, आम्हाला पत्ता नसतो, कुठं लिहून ठेवलेलं नसतं, आणि शुक्रवारी तुम्हीच विचारता की ठरलेलं बिलिंग का झालं नाही.

आता छोटं म्हणजे किती छोटं ते बघा. समजा मार्केट यार्डातल्या गुळाच्या व्यापाऱ्याचं ऑर्डरचं ॲप आहे आणि त्यात गिऱ्हाईक मोबाईल नंबरवरून ओळखलं जातं. मध्येच निरोप येतो, दोघा भावांचा नंबर एकच आहे पण खाती वेगळी आहेत, तेवढं चालू करा. ऐकायला एक ओळ. पण लॉगिन नंबरवर, ओटीपी नंबरवर, उधारी नंबरवर, मागची सगळी बिलं त्याच नंबरला जोडलेली, आणि नुसतं "चालू" करून दिलं तर थोरल्याची उधारी धाकट्याला दिसणार. मग भांडण त्यांच्या घरात आणि फोन आम्हाला.

दुसरा निरोप, "ओटीपीच्या मेसेजमध्ये दुकानाचं नाव आधी घ्या". हेपण वरवर दोन मिनिटांचं. पण ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१८ च्या नियमांमुळे एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, टेम्प्लेट म्हणून नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. कोडमध्ये शब्द बदलला आणि टेम्प्लेट जुनंच राहिलं तर मेसेज अडतो, म्हणजे लॉगिनच बंद, ऐन धंद्याच्या वेळेला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्या मंडळींना आम्ही असं सांगतो की ओतकाम झाल्यावर भोक दोन एमएम मोठं करायचं असेल तर बोअरिंग करून होतं, लहान करायचं असेल तर परत पॅटर्नपासून, म्हणजे साच्याच्या नमुन्यापासून सुरुवात. सॉफ्टवेअरमधले बदल दोन्ही जातीचे असतात आणि कुठला कुठल्या जातीचा हे बाहेरून दिसत नाही. कधी कधी आम्हालापण कोड उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून "बघून सांगतो" म्हटलं की टाळतोय असं समजू नका.

मग करायचं काय, तर तुमच्याकडचा एकच माणूस ठरवा, तुम्ही स्वतः असाल तर उत्तम, बाप एक सांगतोय आणि मुलगा दुसरं असं नको. आम्ही एक शीट देतो, त्यात बदल लिहायचा. बटण कुठं टाकायचं हे लिहू नका, अडतंय काय ते लिहा. "काउंटरवरचा माणूस बिल चुकलं की रद्द करू शकत नाही, मला फोन करतो" एवढं लिहिलं तरी पुरे, उपाय आमची पोरं काढतील आणि बऱ्याचदा तो तुमच्या डोक्यातल्यापेक्षा स्वस्त निघतो. स्क्रीनशॉट आणि बिल नंबर टाका. नुसतं "चालत नाही" लिहिलं तर काय चालत नाही हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो. ॲप बंद पडलं, पैसे कापले गेले असं काही असेल तर मात्र शीट वगैरे विसरा, थेट ऑफिसला फोन करा.

शुक्रवारी आम्ही टेस्ट लिंक पाठवतो. ती उघडून "भारी झालंय" म्हणून अंगठा पाठवू नका. कालची खरी दहा बिलं त्यात मारून बघा, एक मुद्दाम चुकवा. "किती टक्के झालं" हा प्रश्नपण सोडा, नव्वद टक्के हे उत्तर महिनाभर तेच राहू शकतं. "आज मला चालवून काय दाखवताय" असं विचारा, त्यावर कुणाला थापा मारता येत नाहीत, आम्हालापण नाही.

काम लांबलं की "अजून दोन पोरं लावा, पैसे देतो" असं प्रेमानं सांगणारे आहेत. फ्रेड ब्रूक्स म्हणून आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम बघणारे होते, त्यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी उशिरा होतं. नवीन पोराला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो, दुसरं काही नाही.

आणि भाच्यानं एआयवर एका संध्याकाळी केलेलं ॲप? घेऊन या, खरंच. तुम्हाला काय पाहिजे ते त्या स्क्रीनवरून झटक्यात कळतं. फक्त उधारी, पेमेंट, बॅकअप, कुणी काय बघायचं याचे हक्क, हे त्यात कितपत आहे ते आधी तपासावं लागतं, आणि दर त्याचा असतो, स्क्रीनचा नाही.

सुरुवातीला आम्ही सांगितलेले कामाचे दिवस दुसऱ्यांपेक्षा थोडे जास्त दिसतील. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, अडीच हजारापर्यंतच्या चपलेला ५ टक्के आणि त्यावर १८ झाले, तेव्हा ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर कोडमध्येच ठोकून बसवलेला होता त्यांची पळापळ झाली. आम्ही दर तारखेसकट वेगळ्या टेबलात ठेवतो, जुनं बिल आज छापलं तरी जुन्याच दरानं येतं. ते जास्तीचे दिवस असल्या गोष्टींना लागतात.

डोमेन, होस्टिंग, प्ले स्टोअरचं खातं तुमच्याच नावावर काढायचं, आमच्याकडून करून घेतलं नाही तरी हे लक्षात ठेवा. प्ले स्टोअरची फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९. कोडचं तर लेखीच घ्या, कारण बाहेरून करून घेतलेल्या कोडचा कॉपीराईट १९५७ च्या कायद्यानं लिहिणाऱ्याकडं राहतो, पैसे तुम्ही दिले तरी, आणि करारात मुदत घातली नसेल तर हस्तांतरण पाचच वर्षांचं धरतात. आमच्या करारात हा मुद्दा मुदतीसकट असतो, दुसऱ्या कुणाकडं जाताना तुम्हाला अडवायचं आमच्या मनात नाही.

पहिल्या भेटीला मोठं प्रेझेंटेशन नको, एका दिवसाची बिलं, वही आणि काउंटरवर बसणारा माणूस घेऊन या. त्या भेटीचे पैसे घेत नाही. राजारामपुरीतलं ऑफिस संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं, पार्किंगचं मात्र तुमचं तुम्ही बघा.